गणपतीत टोमॅटोची रोपं मागू नका (आणि नाही म्हटलं तर रागावू नका)

दरवर्षी तेच होतं. गणपतीला मुंबईहून मंडळी येतात, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाडी थेट आमच्या रोपवाटिकेच्या दारात, "दादा, टोमॅटो-वांग्याची पन्नास रोपं द्या, लावून जातो, आई पाणी घालेल". आम्ही नाही म्हणतो, मग ती मंडळी बाजारातून दुसरीकडून रोपं घेतात, आणि दसऱ्याला तीच आई रिक्षा करून आमच्याकडे येते, "सगळी आडवी झाली रे, काय फवारू". काही फवारायचं नाही आजी, मेलेल्याला औषध नसतं.

म्हणून हा कागद छापलाय. रोप घेताना पिशवीत मिळेल, घरी नीट वाचा.

कारण साधं आहे. आपल्याकडे कोकणात पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो, हस्त नक्षत्र साधारण २७ सप्टेंबरला लागतं आणि हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, जाताजाता एक दणका देतोच. गणपती मात्र कधी लवकर कधी उशिरा, २०२३ ला १९ सप्टेंबरला होते आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. पाऊस काही पंचांगातली चतुर्थी बघून जात नाही. जमीन गरम, त्यात पाणी तुंबलेलं, वर ढग, ह्या हवेत मातीतली बुरशी कोवळ्या रोपाला बरोबर मातीच्या पातळीला धरते, तिथे देठ सुतळीसारखा बारीक होतो आणि रोप सकाळी उभं तर संध्याकाळी झोपलेलं. ह्याला कोलमडणं म्हणतात. तुम्हाला वाटतं पाणी कमी पडलं, मग तुम्ही अजून पाणी घालता आणि उरलेली पण जातात. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ लोकांचं हेच असतं, आकडा अंदाजाने सांगतोय पण फार चुकीचा नाही.

जुनी माणसं काय करायची बघा, भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल, पावटा, कुळीथ, म्हणजे पाऊस पूर्ण हटल्यावर. आम्ही पण टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं हस्त संपता संपताच विकायला काढतो. लोक म्हणतात तुम्ही धंदा सोडता. सोडतो, कारण सप्टेंबरात विकलेलं रोप ऑक्टोबरात भांडण होऊन परत येतं.

गणपतीत आलाच असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. गादीवाफा (उंच केलेला वाफा) करून ठेवा, वीतभर तरी उंच, जांभ्याची माती निम्मी आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळून, वरून चुलीतली चाळलेली राख दोन मुठी, कारण आपली माती आंबट असते. वर झावळ्या टाकून झाकून ठेवा नाहीतर पाऊस सगळं खत धुऊन नेतो. आणि गवती चहा, कढीपत्ता तेव्हाही लावता येतो, ती रोपं आमच्याकडे असतात (गवती चहाचा गड्डा घ्या, पातीपेक्षा स्वस्त पडतो आणि आयुष्यभर पुरतो).

मग ऑक्टोबरात लावताना दुपारी नाही, ऊन उतरल्यावर. टोमॅटोला दोन फूट अंतर, मिरचीला दीड. पहिले चार-पाच दिवस झावळीची सावली, कारण ऑक्टोबर हिट काय असते ते कोकणात सांगायला नको. पाणी रोज नाही, माती बोटाने उकरून बघा, आत ओल असेल तर थांबा. आमची रोपं जरा महाग आहेत कारण ट्रेमध्ये केलेली असतात, मूळ तुटत नाही, आणि विकायच्या आधी काही दिवस उन्हात ठेवून पाणी कमी करून कणखर केलेली असतात. कोवळी हिरवीगार लुसलुशीत रोपं दिसायला छान, टिकायला नाही.

मोठं झालेलं हिरवंगार झाड अचानक सुकलं तर ते वेगळं, तो मर रोग. खोड कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरा, दुधासारखी पांढरी तार खाली सुटली तर जिवाणू आहे, त्या जागी दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची नको, लाल माठ, मुळा, वाल लावा. वालात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण भूषण' आणि चवळीत 'कोकण सदाबहार', दोन्ही घरगुती बागेला चांगले.

कोथिंबिरीची रोपं आहेत का विचारू नका, नसतात, कोथिंबीर, मेथी, मुळा, पालक थेट बी पेरायचं. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाक करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात तोपर्यंत माती उकरून बघू नका. एकदम सगळं बी टाकू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं, म्हणजे जानेवारीपर्यंत ताटात ताजी. समुद्राजवळ ज्यांची विहीर मार्चनंतर खारट होते त्यांनी पालेभाजी त्याआधी आटपा. पुदिन्याला घरच्या काडीपासून पण मुळं फुटतात, विकत घ्यायची गरज नाही, असं सांगून आमचं नुकसान करून घेतोय.

फ्लॉवर-कोबी मागतात, देतो, पण लवकर येणाऱ्या जातीच. थंडी कडक पडत नाही तिथे उशिराच्या जाती नुसती पानं देतात.

वानरांवर आमच्याकडे काही उपाय नाही. जाळी बांधा, नाहीतर कुत्रा पाळा.

रिकामे ट्रे फेकू नका, परत आणा, पुढच्या खरेदीत पैसे वजा करतो.