ठाणे खाडीवरील जुने पूल

ठाणे व कळवा यांना जोडणारे रेल्वेचे आणि रस्त्याचे पूल. ठाणे साष्टी बेटाच्या पूर्व कडेस, तर कळवा मुख्य भूमीवर. त्यामुळे येथील पूल हा बेट आणि घाटमाथ्याकडची वाट यांमधला दुवा ठरला.

रेल्वेपूल अधिक महत्त्वाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली, तेव्हा लोहमार्ग खाडीच्या अलीकडेच संपत होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कले यांच्या देखरेखीखाली तो खाडीपार गेला आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत खुला झाला. पुलाचे बांधकाम दोन भागांत होते. लांबी अनुक्रमे सुमारे १११ व १९३ यार्ड. उथळ पाण्यात दगडी कमानी पुरेशा होत्या, पण गलबतांची ये-जा अडवून चालणार नव्हते. म्हणून खोल प्रवाहावर ८४ फुटांचा लोखंडी गाळा ठेवला गेला.

या पुलास ‘दापूरी पूल’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे रूढ झाला असून त्या नावाचे एक जुने छायाचित्रही ठाण्याचे म्हणून दाखवले जाते. ही ओळख शंकास्पद वाटते. ‘दापूरी’ हे पुण्याजवळील दापोडीचे इंग्रजी कागदपत्रांतील प्रचलित रूप. मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला व वनस्पतिउद्यान तेथे होते आणि तेथे मुळा नदीवर रेल्वेपूलही आहे. ठाण्याच्या खाडीलगत या नावाचे परिचित स्थळ नाही. छायाचित्रावर सांगितले जाणारे १८५५ हे वर्ष मात्र दापोडीशी नीट जुळत नाही, कारण पुण्यापर्यंतची रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. वर्ष अंदाजाने घातले गेले असावे. भारतातील पहिल्या रेल्वेपुलाचा मान ठाण्यास देण्यास या नावाची गरजही नाही.

१९१६ मध्ये पारसिक बोगदा झाल्यावर मुंब्र्याच्या वळणावाचून थेट मार्ग मिळाला. रस्त्याचा जुना दगडी कळवा पूल ब्रिटिश अमदानीतील असून तो आता वाहतुकीस बंद आहे. शेजारचा तिसरा पूल २०२२ मध्ये खुला झाला.

खाडीवर नजर ठेवणारा ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. सध्या तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. दक्षिणेकडील वाशी व ऐरोली हे पूल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. (पहा : नवी मुंबई, साष्टी).