तळहातातून जाणारं घड्याळ

२४ जानेवारी जवळ आली की सांगलीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होमी भाभांचा फोटो फिरू लागतो. १९६६ साली आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर कोसळलेलं त्यांचं विमान कुणी पाडलं, याचे तर्क रंगतात. ट्रॉम्बेच्या 'अप्सरा' अणुभट्टीचं नाव निघतं, बॉम्बचं तर निघतंच. त्यांच्या भौतिकशास्त्राबद्दल एक ओळ नसते. म्हणून हा खटाटोप.

अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या टकरींतून पुढे म्युऑन जन्मतो. तो इलेक्ट्रॉनचा भाऊबंद, पण सुमारे २०० पट जड आणि अल्पायुषी. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. म्हणजे म्युऑन वरच्या वर संपायला हवेत. प्रत्यक्षात तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातोय! यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात, तर थोडे जास्तच. ('कॉस्मिक एनर्जी'ची शिबिरं भरवून तांब्याचे पिरॅमिड विकणाऱ्यांनी खूश होऊ नये. हे कण छपरातूनही येतात आणि फी घेत नाहीत.)

१९३८ साली अठ्ठावीस वर्षांच्या भाभांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. असा जड कण आपोआप फुटत असेल, तर तो एक घड्याळच झाला. आणि सापेक्षतेनुसार धावतं घड्याळ सावकाश चालतं, म्हणून धावणारा कण जास्त जगेल. आकडे घालून बघा. वेग प्रकाशाच्या ९९.९ टक्के धरा. ०.९९९ चा वर्ग एकातून वजा करा, वर्गमूळ काढा, त्याने एकाला भागा: सुमारे २२. आयुष्य तितक्या पटींनी लांबतं. आता ६६० गुणिले २२, साडेचौदा किलोमीटर! म्युऑनच्या बाजूने पाहिलं तर त्याचं आयुष्य तेवढंच राहतं, वातावरणच २२ पट आखूड होतं. दोन्ही हिशेब बरोबर. ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत म्युऑन मोजून १९४१ साली हे दाखवून दिलं.

भाभांनी १९४५ साली उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीला 'ग्रेप्स-३' नावाची म्युऑन-दुर्बीण आहे. १ डिसेंबर २०१४ रोजी तिच्या माथ्यावर वादळी ढग असताना म्युऑनची संख्या किंचित घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला: सुमारे १.३ अब्ज व्होल्ट.