टेबल, थर्मामीटर आणि विग्नरचा मित्र

‘पाहणारा नसेल तर जगही नसतं, हे आता विज्ञानानंच सिद्ध केलंय’ हे वाक्य व्याख्यानांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास भेटतं. पाठोपाठ अद्वैताचा दाखलाही येतो. या समजाला इतिहास आहे, पण तो या वाक्याच्या सोयीचा नाही.

१४ जुलै १९३० रोजी रवींद्रनाथ टागोर बर्लिनजवळच्या कापुट इथं आइन्स्टाइन यांच्या घरी गेले होते. सत्य मानवी मनापासून वेगळं काढता येत नाही, ही टागोरांची भूमिका. आइन्स्टाइननी समोरच्या टेबलाकडे बोट दाखवलं म्हणा ना: घरात कोणी नसलं तरी ते जागेवरच राहणार! सौंदर्य माणसावर अवलंबून असतं हे त्यांनी मान्य केलं, सत्याच्या बाबतीत मात्र ते हटले नाहीत. आपलं म्हणणं सिद्ध करता येत नाही, अशी कबुलीही दिली. हा वाद सगळा तत्त्वज्ञानाचा होता.

समीकरणांत हा प्रश्न शिरला तो १९३२ साली, गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या पुस्तकातून. क्वांटम नियमांप्रमाणे, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या नियमांप्रमाणे, अनेक शक्यता एकत्र नांदतात, मोजमाप झालं की एकच उरते. पण मोजमाप झालं म्हणायचं नेमकं कुठे? त्यांनी तापमान मोजण्याचं साधं उदाहरण घेतलं. थर्मामीटरमधला पारा चढला, तिथे थांबा. किंवा पाऱ्यावरून डोळ्यात आलेला प्रकाश, दृष्टिपटल, मेंदूतली हालचाल, इथपर्यंत सगळं ‘मोजली जाणारी वस्तू’ म्हणून धरा. रेघ कुठेही ओढली तरी गणिताचं उत्तर बदलत नाही. ती कुठेतरी ओढावी लागते, एवढंच. जाणीव जग घडवते असं त्यांनी इथे म्हटलेलं नाही.

तसं उघडपणे म्हणण्याचं धाडस केलं ते बुडापेस्टच्या शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी, १९६१ साली. कल्पना अशी: प्रयोगावर लक्ष ठेवायला मित्राला बसवलं. प्रकाश चमकला का, हे विग्नर त्याला नंतर विचारणार. मग विचारेपर्यंत मित्र ‘पाहिलं’ आणि ‘नाही पाहिलं’ अशा दोन्ही अवस्थांत लोंबकळत होता काय? मित्राला विचारलंत तर तो वैतागून म्हणेल, अरे, मला तर आधीच ठाऊक होतं! यावरून विग्नरनी निष्कर्ष काढला की जाणीव असलेल्या जिवाला क्वांटम नियमांत वेगळं स्थान द्यावं लागेल.

पुढचा भाग व्याख्यानांत गाळला जातो. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी दाखवलं की मोठी वस्तू परिसरापासून तोडून ठेवताच येत नाही. हवेचे रेणू, प्रकाशकण तिच्यावर सतत आदळतात आणि शक्यतांमधलं नाजूक नातं विस्कटतं. हे वाचल्यावर विग्नरनी आपलं मत मागे घेतलं. अनेकांतून हीच एक शक्यता का उरते, याचं उत्तर मात्र त्यानंही मिळत नाही.

क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक, श्रोडिंगर यांचं नावही असंच ओढलं जातं. उपनिषदांवर त्यांचं प्रेम होतं, हे खरं. पण १९३५ मधलं त्यांचं ते एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं ठरणारं काल्पनिक मांजर, क्वांटमचे नियम रोजच्या जगाला जसेच्या तसे लावले तर काय हास्यास्पद चित्र उभं राहतं, हे दाखवायला पेटीत गेलं होतं. आणि आजच्या प्रयोगशाळेतला ‘निरीक्षक’ बहुतेक वेळा एक डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं उपकरण, असतो. दोन फटींतून सोडलेले कण पलीकडच्या पडद्यावर पट्टे उमटवतात; पण कण कुठल्या फटीतून गेला याची डिटेक्टरनं केलेली नोंद कोणी वाचो न वाचो, ते पट्टे पुसले जातातच.