रंग सुताला धरतो कसा? क्रियात्मक गटांची तोंडओळख

(आमच्याकडून रंग-रसायनं नेणारे सोलापुरातले टॉवेल-चादर कारखानदार, डाईंग मास्तर आणि या कामाला नव्यानं लागलेली मुलं यांच्यासाठी)

काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. रंगाच्या पाण्यात सोडा (सोडा अ‍ॅश) आधी टाकला तर काय बिघडतं? आणि कालचं उरलेलं रंगाचं पाणी आज चालेल का? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, पण त्यासाठी दहावीच्या विज्ञानातला कार्बनी संयुगांचा धडा थोडा उघडावा लागेल. सूत्रं पाठ करायची नाहीत, काळजी नसावी.

कार्बनी रेणू म्हणजे कार्बनचा सांगाडा आणि त्यावर जागोजागी बसलेले ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक, क्लोरीन असे वेगळे अणू. हे अणू किंवा त्यांचे ठरावीक जुडगे म्हणजे क्रियात्मक गट. सांगाडा बहुधा गप्प असतो. जी काही क्रिया होते ती या गटापाशी. २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन एवढंच सामान घ्या. ऑक्सिजन एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन धरून बसला तर हायड्रॉक्सिल गट झाला. हे इथेनॉल, ७८ अंशांना उकळणारं. तोच ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधे शिरला तर इथर गट, आणि तो पदार्थ उणे २४ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडे तो वायूच. सामान तेच, बसण्याची जागा बदलली.

आता सूत. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी, आणि दर कड्याला ३ हायड्रॉक्सिल गट. रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी रासायनिक जोड करणारा रंग, धरतो तो यांनाच. पण साध्या पाण्यात हे गट थंड असतात. सोडा अ‍ॅश टाकला की पाणी अल्कधर्मी होतं, काही हायड्रॉक्सिल गटांतला हायड्रोजन निघून जातो, उरलेल्या ऑक्सिजनवर ऋण भार येतो, आणि तो ऑक्सिजन रंगाच्या रेणूला जाऊन भिडतो. जोड पक्की, सहसंयुज. म्हणून हा रंग धुण्यात सहज सुटत नाही.

रंगाच्या रेणूतही दोन वेगळी कामं करणारे गट असतात. सल्फोनेट गट रंगाला पाण्यात विरघळवतो. दुसरा गट सुताला धरतो, आणि त्यावरून रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे तीन प्रकार पडतात: कोल्ड ब्रँडमध्ये दोन क्लोरीनवाला ट्रायझीन (कार्बन-नायट्रोजनचं कडं), हॉट ब्रँडमध्ये एक क्लोरीनवाला, आणि व्हिनाइल सल्फोन रंगांत व्हिनाइल सल्फोन. दोन क्लोरीनवाला तापट, ३०-४० अंशांतच काम उरकतो. एक क्लोरीनवाल्याला ८० च्या आसपास नेल्याशिवाय तो हलत नाही. व्हिनाइल सल्फोन मधला, साधारण ६० अंशांचा. तीन पाकिटांना तीन तापमानं का, ते यावरून कळेल. एका शेडसाठी कोल्ड आणि हॉट एकत्र करू नका, असं आम्ही सांगतो ते उगीच नाही.

मीठ कशाला? पाण्यात सुतावर थोडा ऋण भार असतो आणि सल्फोनेटवरही ऋणच. दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) ती ढकलाढकल कमी करतं, रंग सुतावर चढतो. म्हणून आधी रंग, मग मीठ, सूत सगळीकडे सारखं रंगलं की शेवटी सोडा.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आता सांगता येतं. हायड्रॉक्सिल एकट्या सुतात नाही, तो पाण्यातही आहे. सोडा आधी पडला तर रंग सुतावर समान चढण्याआधीच काही ठिकाणी घट्ट होतो, लडीला चट्टे पडतात. आणि बराचसा रंग पाण्याशीच जोडला जाऊन बाद होतो. सोडा घातलेलं कालचं पाणी दिसायला गडद दिसेल, पण त्यातला बहुतेक रंग धरण्याच्या लायकीचा राहिलेला नसतो. असा बाद रंग सुतावर नुसता चिकटून बसतो. म्हणूनच शेवटी उकळत्या पाण्यातलं सोपिंग, म्हणजे साबणाची धुलाई. ते चुकवलं की पांढऱ्या टॉवेलची लाल किनार पहिल्याच धुण्यात गुलाबी पसरते आणि गिऱ्हाईक रंगाला नावं ठेवतं.

व्हॅट रंगाची तऱ्हा निराळी. त्यात कार्बोनिल गट, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध. तसा हा रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) घातलं की या गटाचं क्षपण होऊन रंग विरघळतो, सुतात शिरतो, आणि हवा लागली की कार्बोनिल परत तयार होऊन रंग आत अडकतो. निळीची लडी बाथमधून पिवळसर हिरवी निघते आणि हातात धरल्या धरल्या निळी होत जाते. नव्या पोराला हे एकदा दाखवाच.

कोणता रंग आहे हे कळत नसेल तर यावरूनच एक चाचणी होते. सुताचा तुकडा गरम कॉस्टिक-हायड्रोसमध्ये टाका. रंग बदलला आणि धुऊन हवेत ठेवल्यावर परत आला, तर बहुधा व्हॅट. गेला तो गेलाच, तर अ‍ॅझो, म्हणजे दोन नायट्रोजनच्या दुहेरी बंधाचा. तो तुटला की जुळत नाही. निळ्यात मात्र फसगत होते, कारण काही निळ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांतही कार्बोनिल असतो. चाचणीला हातमोजे आणि चष्मा हवाच. हायड्रोसचा डबा ओलीपासून जपा. पाणी लागलं तर तो आपोआप तापून पेटू शकतो.

निर्यातीचा माल असेल तर अ‍ॅझोकडे जास्त लक्ष द्या. काही अ‍ॅझो रंग तुटले की घातक अमाईन (नायट्रोजनवाली संयुगं) सुटतात. जर्मनीनं १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली. आपल्याकडेही १९९७ पासून असे ११२ रंग हाताळायला मनाई आहे. आपल्या रंगाचं अमाईन-मुक्त प्रमाणपत्र बिलासोबत मागून घ्या.

बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार असलेलं, असेल तर ईडीटीए हे क्षार पकडणारं रसायन वापरा. त्यातले ४ कार्बॉक्सिल गट आणि २ नायट्रोजन मिळून कॅल्शियमला सहा बाजूंनी धरून ठेवतात. किती घालायचं ते पाण्यावर ठरतं, तेव्हा येताना पाण्याची एक बाटली आणि शेडची लडी सोबत आणा.