गाभा उशिरा फुगतो

हत्याराला 'पाणी देणे' म्हणजे पोलाद लालबुंद तापवून झटकन थंड करणे. कधी कधी तेलात थंड होऊन सुखरूप निघालेली डाय (धातूला आकार देणारा पोलादी साचा) टेबलावर नुसती पडून असते आणि काही तासांनी, कोणी हातही लावला नसताना, टणकन आवाज होऊन तिला तडा जातो. एवढा ताण तिच्यात आला कुठून?

थंड होताना धातू आकसतो. टूल स्टील, म्हणजे हत्यारांचे पोलाद, मात्र मधेच उलटे वागते. साधारण 800 अंश सेल्सिअसच्या वर (पोलादात मिसळलेल्या इतर धातूंचे प्रमाण जास्त असेल तर 1000च्याही वर) त्यातले अणू 'ऑस्टेनाइट' नावाच्या दाट रचनेत बसलेले असतात. वेगाने थंड केले की त्याचा 'मार्टेन्साइट' होतो. तो कठीण असतो, पण त्याला जागा जास्त लागते. आकारमान सुमारे 4 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. सगळी डाय एकदम फुगली असती तर काही बिघडले नसते. पण आधी थंड होतो तो पृष्ठभाग. तो फुगून कडक होतो, तेव्हा गाभा अजून गरम आणि मऊच असतो. मग गाभ्याची पाळी येते. तो फुगू पाहतो आणि बाहेरचे ठिसूळ कवच आता जराही सैल होत नाही. आतून रेटा, बाहेर ओढ! ही ओढ सगळ्यात जास्त एकवटते ती धारदार आतल्या कोपऱ्यात, खोल ठोकलेल्या नंबरात, जाड भागाला चिकटलेल्या पातळ भिंतीपाशी. भट्टीवाल्याच्या माथी मारलेले बरेच तडे, माझ्या मते, ड्रॉइंगवरच ठरलेले असतात.

तापवतानाही घाई नडते, म्हणून 650 अंशांच्या आसपास थांबून गाभ्याला पृष्ठभागाची बरोबरी करू द्यायची. मशीनवर कापताना-घासताना आलेले ताण तर हार्डनिंगच्या, म्हणजे पाणी देण्याच्या, आधीच 600 ते 650 अंशांवर तापवून आणि भट्टीतच सावकाश थंड करून घालवायचे. नाहीतर ते ऐन हार्डनिंगमध्ये सुटतात आणि काम वाकडे होते.

डाय 50-60 अंशांवर, म्हणजे हाताला सोसेल इतकी, आली की लगेच टेम्परिंगला, म्हणजे कमी तापमानावर पुन्हा तापवायला, घालावी. सकाळपर्यंत ठेवू नये. टेम्परिंगने ताण उतरतो, थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. पण इतर धातू जास्त मिसळलेल्या पोलादात थोडा ऑस्टेनाइट मागे उरलेला असतो. पहिल्या टेम्परिंगनंतर थंड होताना त्यातल्या काही भागाचा ताजा, ठिसूळ मार्टेन्साइट बनतो आणि नवा ताण घेऊन येतो. दुसरे टेम्परिंग त्याच्यासाठी असते. त्याआधी डाय पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. गरमच परत भट्टीत घातली तर तो मार्टेन्साइट दुसऱ्या टेम्परिंगनंतर थंड होताना तयार होतो आणि डाय तशीच ठिसूळ राहते.