माँटगोमेरी काउंटी: २५ एकरांत एक घर आणि उरलेल्या हक्कांचा बाजार

मुंबई-पुण्यात टीडीआर (एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क विकून दुसऱ्या जागी वापरू देणं) म्हटलं की रस्त्याच्या नाहीतर उद्यानाच्या आरक्षणात गेलेली जमीन आणि दुसरीकडे चढलेले जादा मजले डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेल्या माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हेच हत्यार शेती राखायला वापरलं. तेही १९८० मध्ये, म्हणजे मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर येण्याच्या अकरा वर्षं आधी.

मूळ कल्पना १९६४ च्या आराखड्यातली. राजधानीतून बाहेर पडणाऱ्या हमरस्त्यांच्या पट्ट्यांत वस्ती वाढवायची आणि मधल्या पाचरी शेतीला, जंगलाला ठेवायच्या. नकाशावर हे छान दिसलं, पण पाचरींतली जमीन घरांसाठी तोडून विकायला पुरेशी अडकाठी नव्हती. १९७३ मध्ये तिथे किमान पाच एकरांचा प्लॉट सक्तीचा झाला. ही मात्रा उलटीच पडली. पाच एकरांचे तुकडे हौशी बंगलेवाल्यांना परवडत होते, पण तेवढ्यावर मका-सोयाबीनची शेती होत नाही. शिवाय मध्येमध्ये बंगले उठले की शेणखताचा वास आणि यंत्रांची धूळ यांच्या तक्रारी सुरू होतात. शेतकरी कमी झाले की बियाणं आणि सुटे भाग विकणारी दुकानंही उठतात.

म्हणून रॉइस हॅन्सन नियोजन मंडळाचे अध्यक्ष असताना १९८० ची योजना आली. सुमारे ९३,००० एकर, म्हणजे काउंटीचा जवळपास तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखीव ठरला आणि तिथे २५ एकरांमागे एकच घर अशी मर्यादा घातली. नुसतं एवढंच केलं असतं तर जमीनमालक कोर्टात गेले असते. त्यावर तोड अशी काढली की बांधायचं २५ एकरांत एक, पण दुसरीकडे घर बांधण्यासाठी विकायचा हक्क जुन्याच दराने, पाच एकरांमागे एक. १०० एकरांच्या शेताला २० हक्क मिळतात. त्यांतले चार स्वतःच्या चार घरांसाठी ठेवले तर १६ विकता येतात. विकले की जमिनीवर कायमचं बंधन नोंदवलं जातं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो तसं समजा, फक्त हा बोजा उतरत नाही, पुढच्या प्रत्येक मालकाला तो लागू राहतो.

खरी मेख विकणाऱ्याकडे नव्हती, घेणाऱ्याकडे होती. बिल्डर हक्क तेव्हाच घेतो जेव्हा त्याने दुसरीकडे जादा घरं बांधता येतात, आणि जिथे ती बांधायची तिथल्या रहिवाशांना दाटी नको असते. एका नागरिक संघटनेने दावा लावला; १९८७ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कुठे किती दाटी चालेल हे नुसत्या आराखड्यात लिहून भागत नाही, ते झोनिंगमध्येच, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांतच, यायला हवं. काउंटीला त्यासाठी वेगळे झोन करावे लागले. पुढेही हक्क खपवायच्या जागा पुरेशा पडल्या नाहीत, आणि जागा कमी की भाव पडणारच.

नकाशाइतकंच काम सांडपाण्याच्या वाहिनीनेही केलं, याची चर्चा कमी होते. राखीव भागात ही वाहिनी सहसा नेत नाहीत; घर बांधायचं तर सेप्टिक टँक आणि जमीन पाणी नीट जिरवते याची चाचणी लागते.

तरी एक फट राहिली. १६ हक्क विकूनही चार घरांची मुभा शिल्लक असते, आणि मग जमीन शेतीच्या भावात नव्हे, बंगल्याच्या भावात विकली जाते. ही मुभाही विकत घेऊन मोडीत काढायची योजना २००८ च्या अखेरीस मंजूर झाली. महत्त्वाची अट अशी: तिथे घर खरोखर होऊ शकत असलं पाहिजे. चाचणीत जमिनीने पाणी जिरवलं नाही, तर विकण्यासारखं काही उरतच नाही.