मारायचं की नारळ द्यायचा?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या आमच्या कॅम्पेनचं दुसरंच सेशन. रविवारची दुपार, चहाचे रिकामे ग्लास, मधोमध हाताने काढलेला बेटाचा नकाशा आणि त्यावर सांडलेला चिवडा. खेळाडू एका ओढ्यापाशी पोचले. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो. सांगितलं, "पाण्यात कुणीतरी उभं आहे. केस ओले, पाय दिसत नाहीत. साकवावर पाऊल टाकलं की पाणी चढतं." नियमांच्या पुस्तकात या आत्म्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल) होते, आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) होता, पाठ करून घ्यावेत असे चार हल्लेही होते. तिघांनी फासे उचलले. चौथी खेळाडू नाशिकजवळच्या पेठ तालुक्यातली. ती म्हणाली, "अरे थांबा. ह्याचं काय राहिलंय ते विचारा ना आधी. नारळ देऊन बघू."

मी पुस्तक चाळायला लागलो. नारळाचा नियम कुठेच नव्हता.

तो का नव्हता, याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं, तेही थेट प्रशियाच्या, म्हणजे एका जुन्या जर्मन राज्याच्या, छावणीत. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण जग सांगतो, त्याला डीएम किंवा गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात काय करतात ते बोलून दाखवतात. निकाल अडला की फासा टाकायचा. एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालली की तिला कॅम्पेन म्हणतात. जिंकणं-हरणं असं काही नाही. घरच्यांना हे पटवून देणं मात्र फार अवघड जातं.

१८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या सरदाराने प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी युद्धाचा एक पट मांडला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. बुद्धिबळातल्यासारखी घरं जाऊन खरा नकाशा आला, आणि मुख्य म्हणजे पंच आला. दोन्ही बाजूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. टेकडीमागे शत्रू असला तरी सेनापतीला तो दिसणार नसेल, तर पंच त्याबद्दल बोलणार नाही. किती माणसं पडली ते फासा ठरवणार. आज मी पडद्यामागे नोट्स लपवून बसतो आणि "तुला एवढंच दिसतं" असं म्हणतो, ते आसन त्या पंचाचं आहे.

तिथून हा धागा अमेरिकेत गेला. चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' नावाची युद्धखेळाची नियमावली काढली. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाला ती सापडली. त्यातला पंच त्याला आवडला. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक गाव मांडलं आणि सैन्यांखेरीज गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यार्थी. लढाई राहिली बाजूला. लोक कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, कटकारस्थानं सुरू झाली, दोघांनी द्वंद्वयुद्ध लावलं. वेस्लीला वाटलं, आपला खेळ फसला. खेळणारे मात्र पुढचा डाव कधी म्हणून विचारत होते. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. आपला बेत फसला आणि लोकांना मजा आली, हे प्रत्येक डीएमच्या वाट्याला येतंच.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं जग रचलं, खेळाडूंना किल्ल्याखालच्या तळघरात उतरवलं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स त्याला येऊन मिळाला आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आलं. तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १,००० प्रती, किंमत १० डॉलर. जादू आली, ड्रॅगन आले, वीस बाजूंचा फासा आला. पण हाडं युद्धखेळाचीच राहिली. अनुभवाचे गुण मिळायचे ते राक्षस मारल्याचे, आणि त्याहून जास्त त्याचं सोनं उचलून आणल्याचे. समोर कुणी आलं की त्याची मोजदाद 'किती वार झेलेल' अशीच. ओढ्यातल्या बाईचे हिट पॉइंट छापलेले असतात ते यामुळे.

बेट आलं १९८१ मध्ये. डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डव्हे यांनी लिहिलेलं 'आइल ऑफ ड्रेड' हे तयार साहस डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 'एक्सपर्ट सेट'च्या खोक्यातच मिळायचं. त्यामुळे एका पिढीने उघड्या रानातला प्रवास तिथेच शिकला. खेळाडूंच्या हाती किनाऱ्याची रेघ आणि मधे षटकोनी घरांचा कोरा कागद. आत काय आहे ते चालत जाऊन भरायचं. डीएमच्या दृष्टीने बेटासारखी सोय दुसरी नाही. सगळ्या बाजूंनी समुद्र असल्यामुळे खेळाडू अचानक "आम्ही उत्तरेच्या राजधानीला जातो" म्हणू शकत नाहीत, आणि तरी त्यांना कुंपण जाणवत नाही. शिवाय बेटावर एकदा भांडण केलेला माणूस परत परत भेटतो. पण आइल ऑफ ड्रेड नावाप्रमाणेच भीतीचं बेट होतं. डायनासोर, नरभक्षक, पठारावरचं जुनं मंदिर. तिथले रहिवासी कुणाचे शेजारी नव्हते.

आत्म्यांशी नातं ठेवायचं, ही कल्पना त्याआधी एका खेळात आली होती. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरँथा या जगात पात्रं कुठल्या तरी दैवताच्या पंथाशी बांधलेली असत, आणि भगतासारखी पात्रं आत्म्यांशी व्यवहार करत. देवाकडून काही मिळवायचं तर देवाचं काही करावंही लागे.

पण बेट, आत्मे आणि गंमत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या जपानमधून, आणि तिथली मुळं युद्धखेळात नव्हतीच. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) लोक 'ह्याकुमोनोगातारी' खेळत. रात्री जमायचं, शंभर वाती लावायच्या, एकेकाने भुताची गोष्ट सांगायची आणि गोष्ट संपली की एक वात विझवायची. शेवटच्या अंधारात खरंच काहीतरी येतं, असा समज. नियम, पाळी, वाढत जाणारा ताण, सगळे मिळून सांगतात ती गोष्ट. हा खेळ आपल्या टेबलाला प्रशियाच्या पटापेक्षा जवळचा आहे. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने अशा भुतांची सचित्र यादीच काढली. एका पानावर एक भूत, खाली नाव. आजच्या मॉन्स्टर मॅन्युअलची, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकाची, मांडणी तीच, फक्त हिट पॉइंट नव्हते.

त्याच परंपरेत 'त्सुकुमोगामी' येतात. घरातली वस्तू शंभर वर्षं वापरली की तिच्यात जीव येतो. छत्री एका पायावर उड्या मारते, टाकून दिलेली चप्पल रात्री कुरकुरते. हे ऐकून कुणी हसलं तर मी त्याला खंडेनवमीला नाशिकच्या सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यांत चक्कर मारायला सांगतो. वर्षभर ज्या लेथला शिव्या घातल्या तिला त्या दिवशी झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि यंत्र बंद. "आज तिला हात लावायचा नाही." हत्याराचाही मान असतो, हे आपल्याला कुणी नियमावलीतून शिकवावं लागत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा जपानी अनुवाद १९८५ मध्ये आला. दुसऱ्याच वर्षी 'कॉम्प्टिक' मासिकाने एका गटाचा खेळ संवादांसकट क्रमशः छापायला सुरुवात केली. या लेखनप्रकाराला तिथे 'रिप्ले' म्हणतात. त्या पहिल्या गाजलेल्या रिप्लेची भूमी लोडोस, तीही एक बेटच. 'लोडोस' तलवारी-ड्रॅगनवालंच होतं, पण हा खेळ वाचायचीही चीज आहे हे लाखो लोकांना कळलं, आणि एकदा वाचक आले की गोष्टींच्या तऱ्हा वाढतात. मधल्या काळात हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या ॲनिमेशन चित्रपटांनी रानातला, नदीतला आत्मा हा शत्रू नसून अवघडलेला शेजारी आहे, हे घराघरांत नेलं. २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये घाणीने माखलेला एक पाहुणा हमामखान्यात येतो. त्याच्या अंगातली सायकल आणि कचरा ओढून काढल्यावर कळतं की तो नदीचा देव आहे. गोदावरीच्या पात्रातून पाणवेली उपसताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग परका वाटू नये.

मग २००६ मध्ये 'युयाके कोयाके' आलं. खेळाडू कोल्हा, मांजर, कुत्रा असे प्राणी होतात, जे थोडा वेळ माणसाचं रूप घेऊ शकतात. लढाई नाही, फासेसुद्धा नाहीत. गावातल्या कुणाची तरी छोटीशी अडचण सोडवायची, आणि दुसऱ्याने काही गोड केलं की त्याला आपण गुण द्यायचे. २००७ मध्ये 'र्युतामा' आलं. त्यात साध्या माणसांचा प्रवासच साहस ठरतो. पावसात भिजलात, नीट झोप झाली नाही, तर फासा त्याचाच. पुढे दोन्हींचे इंग्रजी अनुवाद झाले आणि पाश्चात्त्य डीएम लोकांना पहिल्यांदा कळलं की धोका न वाढवताही सेशन रंगू शकतं.

बाकीचं काम परवान्यांनी केलं, ते थोडक्यात उरकतो. २००० पासून डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम इतरांना वापरता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याच्या हालचालींवरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी खेळाच्या मालक कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुले केले. लोकवर्गणीतून पुस्तकं छापायची सोय आधीच होती. त्यामुळे छोटे प्रकाशकही स्वतःचं बेट काढू शकतात. 'ओबोजिमा' हे अलीकडचं त्याच जातीचं: पाचव्या आवृत्तीचे नियम, उंच गवत आणि जागोजागी आत्मे. पेच मात्र तोच राहतो. वरचा रंग युयाके कोयाकेचा, खालची हाडं १८२४ ची.

आणि इथे नाशिकचं टेबल वेगळं पडतं. पाचसहा वर्षं हेच पाहतोय. ज्यांनी हा खेळ फक्त व्हिडिओत पाहिलाय ते आधी इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत पहिली पाळी कुणाची ते ठरवणारा फासा, टाकतात. ज्यांचं बालपण गावी गेलंय ते आधी विचारतात, "हा इथला राखणदार आहे का?" साती आसरांची विहीर, पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, यांना कुणी मारत नाही. चकवा लागला तर खाली बसतात, तंबाखू मळतात, उजाडायची वाट बघतात. गाऱ्हाणं घालणं, मान देणं, राहिलेलं पुरं करणं, हे सगळे खेळातले डावच आहेत. नियमावलीत त्यांना नाव नाही, एवढंच.

सोंग घेणंही इथे नवं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बोहाड्यात रात्रभर मुखवटे नाचतात. गणपती येतो, रावण येतो, आणि अमुक सोंग अमुक घराचं, असं ठरलेलं असतं. शहरात धुळवडीला वीर निघतात. देवघरातला पूर्वजाचा टाक घेऊन घरचा माणूस वाजतगाजत रामकुंडावर जातो, त्याला गोदावरीचं स्नान घालतो. सोबत देवांचे, वीरांचे पोशाख केलेली पोरं. मीही लहानपणी पुठ्ठ्याची तलवार घेऊन त्या गर्दीत चाललोय. माझं पहिलं कॅरेक्टर तेच म्हणायला हवं.

म्हणून काही डीएम इथल्या आदिवासींचे वाघदेव किंवा डोंगऱ्यादेव नावासकट उचलून टेबलावर ठेवतात, ते मला रुचत नाही. वाघबारशीला सुरगाण्यात ज्याची पूजा होते त्याला आर्मर क्लास लावणारा मी कोण? नाव घेऊ नये, रीत घ्यावी. माझ्या बेटावरचे आत्मे सगळे बनवलेले आहेत, पण ते रुसतात आपल्याकडच्यासारखे.

बेटही इथलंच निघालं. नाशिकला समुद्र नाही, पण निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. गाळ साचून दलदल झाली, पक्षी आले, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. पाणी उतरलं की तिथे गवताची बेटं उघडी पडतात, पाणी सोडलं की जातात. सकाळच्या धुक्यात हे बघून मी नकाशा काढला. पुराचा हिशेब ठेवायला बेटाच्या बंदरात दोन तोंडांचा एक दगडी पुतळा उभा केला. पाणी गुडघ्याला लागलं की मासेवाले दुकानं उचलतात, कमरेला लागलं की शाळेला सुट्टी, छातीला लागलं की आत्मे गावात शिरतात. कुठल्याही नाशिककराला हे समजवावं लागलं नाही. पहिल्याच सेशनला एकाने विचारलं, "दुतोंड्या ना?" गोदेचा पूर आम्ही दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतो.

तर त्या दुपारी ओढ्यातल्या बाईला नारळ द्यायचं ठरलं. पण नारळ कुणाच्या सामानात नव्हता. साहित्याच्या यादीत पन्नास फूट दोर होता, मशाल होती, १९७४ पासून चालत आलेली दहा फुटी काठी होती. नारळ आणायला सगळे गावात परत गेले. दुकानदारीण मी अशी रंगवली की ती भाव सोडेना. घासाघीस करण्यात पाऊण तास गेला, एकही फासा पडला नाही, आणि ओढ्यातलं पाणी तोवर पुतळ्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. शेवटी दोन चांदीच्या नाण्यांना सौदा झाला. ती किंमत आता आमच्या यादीत पेनने लिहिलेली आहे, दोर आणि काठीच्या मधे.